बॅरिअर आयलंडवर दगड टाकला की वाळूचं काय होतं

प्रश्न असा आलाय की बॅरिअर आयलंडवर, म्हणजे मुख्य जमिनीसमोरच्या वाळूच्या अरुंद बेटावर, जेट्टी, ग्रॉइन (दोन्ही समुद्रात काढलेल्या दांड्या), सी-वॉल (किनाऱ्यालगतची भिंत) असं काही बांधलं की किनारा वाचतो का उलट जास्त खचतो. विचारणाऱ्याला प्रोजेक्टसाठी वाचताना एका पेपरमध्ये "ग्रॉइनमुळे पुळण वाढली" असं मिळालं आणि दुसऱ्यात "ग्रॉइनमुळे पुळण गेली" असं. सोबत एक उपप्रश्न आहे, की लाटा भिंतीवर आपटून परत जाताना वाळू ओढून नेतात हेच धूप होण्याचं मुख्य कारण का. मी या कामात पंचवीसेक वर्षं काढलीयत, त्यातली बरीचशी हातात सर्व्हेचा दांडा धरून कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय, सावकाश वाचा.

पहिली गोष्ट, ते दोन्ही पेपर बहुतेक खरेच असतील. एकाने ग्रॉइनच्या एका अंगाला मोजलं असेल आणि दुसऱ्याने दुसऱ्या अंगाला, किंवा एकाने बांधल्यावर तीन वर्षांनी मोजलं आणि दुसऱ्याने तीस वर्षांनी. दगड वाळूचा एक कणसुद्धा तयार करत नाही हो, तो फक्त वाळूचा पत्ता बदलतो, इथली तिथे जायची ती इथेच थांबवतो. म्हणून "वाचला का खचला" एवढं विचारून भागत नाही, कोणाचा वाचला आणि त्याची वाळू कोणाच्या खात्यातून आली हे विचारायला लागतं. बॅरिअर आयलंडवर याच्यात आणखी एक खातं असतं, बेटाच्या पाठीमागचं, आणि तिकडे तर कोणी बघतच नाही. त्याच्यावर खाली सविस्तर येतो.

आधी बेट म्हणजे काय ते बघू, कारण साधी पुळण आणि बॅरिअर आयलंड यांच्यात फरक आहे. बॅरिअर आयलंड म्हणजे मुख्य जमिनीला समांतर पसरलेला वाळूचा लांबच लांब अरुंद पट्टा, पुढे समुद्र, मागे उथळ खाडी आणि खाजण, आणि अधूनमधून समुद्राला खाडीशी जोडणारं तोंड, ज्याला इनलेट म्हणतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखाताच्या कडेने अशा बेटांची रांगच आहे. त्यांच्या बुडाशी खडक नसतो, सगळी वाळू, आणि ती वाळू जागेवर नसते. मोठ्या वादळात लाटा वाळूच्या टेकड्या ओलांडून पलीकडे जातात, पुढची वाळू उचलून बेटाच्या मधोमध किंवा मागच्या खाजणावर पसरवतात, याला ओव्हरवॉश म्हणतात. समुद्र चढत असताना बेट पुढून खचतं, मागे भरतं, आणि असं लोळत लोळत जमिनीकडे सरकतं. म्हणजे पुढची धूप आणि मागची भर हे एकच काम आहे, पुढचा खर्च तीच मागची जमा.

हे पुस्तकी वाटत असेल तर एक सांगतो. वादळानंतर ओहोटीला अशा बेटाच्या समुद्राकडच्या पुळणीवर चालत गेलात तर कधीकधी वाळूतून काळपट, तपकिरी, स्पंजासारखा थर वर आलेला दिसतो. पाय दिला की दबतो, हाताने तुकडा तोडला तर आत गवताची मुळं तशीच्या तशी असतात आणि कालवांच्या शिंपल्या अडकलेल्या असतात. तो खाजणातला जुना गाळ. खाजण तर बेटाच्या मागे असतं, शांत पाण्यात, उघड्या समुद्राच्या लाटेत ते गवत उगवूच शकत नाही. मग तो थर पुढे कसा? तो कुठेच गेला नाही, बेटच त्याच्या अंगावरून मागे सरकलं. मी पहिल्यांदा तो तुकडा हातात घेतला तेव्हा मला या बेटांचं गणित खरं कळलं, त्याच्या आधी मी फक्त समीकरणं सोडवत होतो.

आता वाळू चालते कशी. लाट किनाऱ्याला अगदी सरळ येत नाही, थोडी तिरकी येते, फुटते तेव्हा पाणी किनाऱ्याच्या कडेकडेने ढकलतं आणि ढवळलेली वाळू त्याच्याबरोबर निघते. आम्ही नदीसारखं बोलतो, वाळू येते ते वरचं अंग, जाते ते खालचं अंग. या वाहतुकीचं प्रमाण फुटणाऱ्या लाटेच्या उंचीच्या साधारण अडीचाव्या घाताने वाढतं, म्हणजे लाट दुप्पट झाली तर वाळू दुप्पट नाही, साडेपाच पटीपेक्षा जास्त हलते, म्हणून वर्षभराची निम्मी वाहतूक कधीकधी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या दिवसांत होऊन जाते.

आणि इथे प्रोजेक्टवाले हमखास चुकतात ती गोष्ट, निव्वळ वाहतूक आणि एकूण वाहतूक. समजा वर्षात ३ लाख घनमीटर उजवीकडे गेली आणि २ लाख डावीकडे आली, तर निव्वळ १ लाख उजवीकडे. ग्रॉइन किंवा जेट्टी बांधताना लोक १ लाखाचा हिशेब धरतात, पण लांब जेट्टीला निव्वळ वगैरे काही कळत नाही, ती उजवीकडे जाणारी पण अडवते आणि डावीकडे येणारी पण, इनलेटचं तोंड दोन्ही बाजूंनी खातं, म्हणजे अडकते ती ५ लाखांतली वाळू. नुकसान अंदाजापेक्षा कितीतरी जास्त का निघालं याचं उत्तर बऱ्याच वेळा एवढंच असतं.

ग्रॉइन म्हणजे किनाऱ्यापासून समुद्रात काटकोनात काढलेली दगडाची, लाकडाची किंवा स्टीलची दांडी. तिच्यावर उभं राहून दोन्हीकडे बघा, कुठल्याही व्याख्येपेक्षा जास्त समजतं. वरच्या अंगाला वाळू दगडाच्या माथ्याला टेकलेली, एक पाऊल टाकलं की खाली उतरलात. खालच्या अंगाला बघितलं तर माणूसभर खाली पाणी, दगडांवर शेवाळ, जुन्या वाळूची पातळी दाखवणारी फिकट रेघ, आणि तळाचे कायम गाडलेले असायला हवेत ते दगड उघडे पडलेले. दोन बाजूंमध्ये अंतर पाच-सहा मीटर. हे एवढं दिसत असताना "ग्रॉइन चालला का" असं विचारणाऱ्याला मी नेहमी विचारतो, तुमचं घर कुठल्या बाजूला?

ग्रॉइन एकदा भरला की वाळू त्याच्या टोकाला वळसा घालून किंवा वरून खालच्या अंगाला जायला लागते, म्हणून तत्त्वतः नुकसान तात्पुरतं असायला हवं. पण तोपर्यंत खालच्या शेजाऱ्याने जेवढं गमावलं ते परत मिळत नाही, पोचायला लागलेली वाळू म्हणजे नेहमीचा पगार सुरू झाला एवढंच, थकबाकी बुडालीच. शिवाय ग्रॉइनच्या कडेने समुद्राकडे जाणारा प्रवाह तयार होतो, तो काही वाळू खोल पाण्यात नेऊन टाकतो. म्हणून आजचा नियम साधा आहे: ग्रॉइन आखूड ठेवा, माथा खाली ठेवा, थोडा गळका ठेवा, आणि बांधायच्या दिवशीच त्याच्या मधली जागा बाहेरून आणलेल्या वाळूने भरून द्या, म्हणजे तो शेजाऱ्याच्या वाटणीतून भरायला बसणार नाही.

हा नियम मोडला की काय होतं ते बघायचं असेल तर न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरचं वेस्टहॅम्पटन. तिथे वाळू पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते. १९६० च्या दशकात ग्रॉइनची मोठी रांग ठरली, काम वरच्या अंगाकडून म्हणजे पूर्वेकडून सुरू झालं, पहिले ११ ग्रॉइन १९६५-६६ मध्ये झाले आणि ते वाळूने भरले नाहीत, पुढे ४ वाढले, आणि १५ झाल्यावर काम थांबलं. मग रांगेच्या मागचे खूष, पुळण रुंद झाली, आणि शेवटच्या ग्रॉइनच्या पश्चिमेला उपासमार. वीसेक वर्षं ती वस्ती अरुंद होत गेली, रस्ता वाहून जायला लागला, घरं खांबांवर पाण्यात उभी, आणि डिसेंबर १९९२ च्या वादळात बेट तिथेच फुटलं. घरमालक कोर्टात गेले, १९९४ मध्ये तडजोड झाली आणि सरकारला तिथे वर्षानुवर्षं वाळू टाकायचं कबूल करावं लागलं. नंतर शेवटचे दोन ग्रॉइन आखूड केले आणि मध्ये एक नवीन घातला, म्हणजे रांग एकदम न संपता उतरत उतरत संपेल. हे उतरतं टोक पहिल्या दिवशी केलं असतं, काम खालच्या अंगाकडून सुरू केलं असतं आणि मधली जागा भरली असती तर त्या बेटाची कहाणी वेगळी झाली असती, असं माझं ठाम मत आहे. दगड तोच, फक्त क्रम चुकला.

आता जेट्टी. आपल्याकडे जेट्टी म्हटलं की होडी लागते तो धक्का डोळ्यांसमोर येतो, इथे ते नाही. इनलेटच्या दोन्ही तोंडांशी समुद्रात शेकडो मीटर काढलेल्या दगडी भिंती, जहाजांचा मार्ग एका जागी आणि खोल राहावा म्हणून, यांना कोस्टल इंजिनिअरिंगमध्ये जेट्टी म्हणतात. आणि माझ्या मते बॅरिअर आयलंडवर सगळ्यात जास्त धूप कोणी केली असेल तर ती या जेट्ट्यांनी. सी-वॉल दिसते म्हणून शिव्या खाते, जेट्टी बंदराची म्हणून तिच्याकडे किनाऱ्याचं स्ट्रक्चर म्हणून कोणी बघतच नाही.

मोकळं इनलेट काय करतं बघा. ते स्वतः सरकत राहतं, उत्तर कॅरोलायनातलं ओरेगॉन इनलेट १८४६ च्या वादळात उघडलं आणि तेव्हापासून दोन मैलांहून जास्त दक्षिणेला गेलं. त्याच्या बाहेर ओहोटीच्या प्रवाहाने साठलेला वाळूचा चंद्रकोरीसारखा उथळ दांडा असतो, वाळू त्या दांड्यावरून पुलावरून जावी तशी पलीकडच्या बेटावर पोचते. तुम्ही दोन जेट्ट्या काढल्या की ओहोटीचा प्रवाह नळीतून सुटल्यासारखा जोरात बाहेर जातो, वाळू खूप खोल पाण्यात नेऊन टाकतो, जुना पूल मोडतो, नवीन पूल आणखी बाहेर बांधायला दशकंच्या दशकं लागतात, आणि तोपर्यंत तो दांडा सगळी वाळू गिळतो. वरच्या जेट्टीला टेकून साठते ती वाळू सगळ्यांना दिसते, हा बाहेरचा दांडा पाण्याखाली असल्यामुळे हिशेबातून गळतो. शिवाय जहाजाच्या मार्गातून ड्रेजिंग करून, म्हणजे तळ उपसून, काढलेली वाळू खोल समुद्रात नेऊन टाकली, तर ती कायमची गेली.

मेरीलँडमधलं ओशन सिटी याचं अगदी शाळेत शिकवावं असं उदाहरण आहे. ऑगस्ट १९३३ च्या वादळापर्यंत ओशन सिटी आणि असाटीग हा एकच सलग पट्टा होता. वादळात मागची खाडी तुडुंब भरली आणि ते पाणी आतून बाहेर फुटलं, नवीन इनलेट झालं. मासेमारीसाठी ते सोयीचं होतं म्हणून वर्ष-दोन वर्षांत जेट्ट्या बांधून ते कायमचं केलं. वाळू इथे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते. उत्तर जेट्टीला टेकून ओशन सिटीची पुळण एवढी रुंद झाली की पार्किंगचं मोठं मैदान त्या जागेवर उभं आहे, आणि दक्षिणेला असाटीगचं उत्तर टोक अर्ध्या किलोमीटरहून जास्त मागे गेलं. नकाशावर बघा, दोन बेटं जी एका रेषेत होती त्यांच्यात आता सरळ पायरी दिसते. असाटीगच्या त्या टोकाला माणसांची वस्ती नसल्यामुळे ते बेट निदान मागे सरकू तरी शकलं. मागे रस्ता, हॉटेलं असती तर ते सरकायच्या ऐवजी बुडालं असतं.

त्याच्यावर जो उपाय केलाय तो मला आवडतो. २००४ पासून छोटे ड्रेजर वर्षातून दोन फेऱ्यांमध्ये बाहेरच्या दांड्यावरून आणि इनलेटमधून वाळू उचलतात आणि असाटीगच्या समोर उथळ पाण्यात पोट उघडून सोडतात, बाकी काम लाटा करतात. उद्दिष्ट वर्षाला साधारण १.४ लाख घनमीटर, म्हणजे निसर्गाने जेवढी नेली असती तेवढी. याला सँड बायपासिंग म्हणतात. यात पुळण सजवायचा काही प्रश्न नाही, जे अडवलं ते परत करणं एवढंच आहे.

तिथून साधारण ३० किलोमीटर उत्तरेला, डेलावेअरमधल्या इंडियन रिव्हर इनलेटला गेलात तर वाळू उलट दिशेने, दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. हो, एकाच किनाऱ्यावर, एवढ्याशा अंतरात. म्हणून दिशा कधीही अंदाजाने धरू नका, "या किनाऱ्यावर वाळू दक्षिणेला जाते" असली वाक्यं जपून वापरा. तिथे १९९० पासून पंप बसवला होता, दक्षिणेकडची वाळू पाण्यात कालवून पाइपने इनलेटवरून उत्तरेला टाकायची, वर्षानुवर्षं तो चालला आणि उत्तरेची पुळण टिकली. मग यंत्रणा बंद पडली, काही वर्षं तशीच गेली, आणि २०२४ मध्ये मार्चला आणि परत ऑगस्टला उत्तरेकडची वाळूची टेकडी फुटून पाणी हायवेवर आलं. सांगायचा मुद्दा हा की जेट्टी एकदाच बांधतात, पण तिचा खर्च ती उभी आहे तोपर्यंत चालू असतो. बायपासिंगचं बजेट जेट्टीच्या बजेटमध्ये नसेल तर तो खर्च खालचं बेट भरतंय असं समजा.

दक्षिण कॅरोलायनात चार्ल्सटन बंदराच्या जेट्ट्या १९ व्या शतकाच्या शेवटी झाल्या, त्याच्या खालच्या अंगाला मॉरिस आयलंड. तिथला १८७६ चा दीपस्तंभ जमिनीवर, पाण्यापासून चांगला लांब बांधला होता. १९३८ पर्यंत पाणी पायाशी आलं, आणि आज तो किनाऱ्यापासून शेकडो मीटर समुद्रात एकटा उभा आहे. दीपस्तंभ तसूभरही हलला नाही, बेट त्याच्या खालून निघून गेलं.

आता सी-वॉल आणि तुमचा उपप्रश्न. लाट भिंतीवर आपटते, परतते, पायथ्याशी खड्डा पाडते, हे खरं आहे, वादळात मी स्वतः पायथ्याशी दीड-दोन मीटर खड्डा पडलेला मोजलाय. पण वादळ संपल्यावर तो बराचसा भरून पण येतो, आणि वर्षानुवर्षांची मोजमापं बघितली तर परतणाऱ्या लाटेने पुळण कायमची खाल्ली असं सरसकट दिसत नाही. म्हणजे मुख्य कारण ते नाही. मुख्य कारण साधं आहे, किनारा आधीपासूनच मागे सरकत असतो म्हणून तर भिंत बांधतात, मग भिंत जागेवर राहते आणि पाण्याची रेषा सरकत सरकत तिच्यापर्यंत येते, आणि मधली पुळण संपते. भिंत नसती तर पुळण तेवढीच रुंद राहिली असती, फक्त दहा-वीस मीटर मागे, जिथे आज घर आहे तिथे. याला आम्ही पॅसिव्ह इरोजन म्हणतो, आणि भिंत कितीही चांगल्या डिझाइनची असो, उतरती असो, दगडांची असो, हे टळत नाही. त्यात भिंत मुळातच पुळणीच्या अंगावर पुढे येऊन बांधलेली असेल तर तेवढी जागा पहिल्या दिवशीच गेली, आणि तिच्या मागच्या टेकडीतली वाळू, जी वादळात पुळणीला उसनी मिळायची, ती कोंडली गेली. भिंत जिथे संपते तिथे शेजारची जमीन जास्त कापली जाते ते वेगळंच.

पण मी भिंतींच्या विरोधात आहे असं समजू नका. गॅल्व्हस्टन हे टेक्सासमधलं बॅरिअर आयलंडवरचं शहर, ८ सप्टेंबर १९०० च्या चक्रीवादळात तिथे किमान ६,००० माणसं गेली. त्यांनी १९०२ ते १९०४ मध्ये १७ फूट उंच सी-वॉल बांधली, मागच्या शहराची जमीनसुद्धा भर घालून उचलली, आणि १९१५ ला परत मोठं वादळ आलं तेव्हा शहर उभं राहिलं. त्या भिंतीने काम केलं, माणसं वाचवली, तिच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण भिंतीपुढची रुंद पुळण गेली, पायथ्याला ग्रॅनाइटचे दगड टाकायला लागले, १९३० च्या दशकात ग्रॉइन काढले, नंतर वाळू आणून ओतायला लागली, आणि भिंत संपते त्याच्या पश्चिमेला किनारा मागे गेला. भिंत मागच्याचं रक्षण करते, पुढच्याचं नाही. शहर वाचवायचं ठरवलं तर तो निर्णय योग्य असू शकतो, फक्त पुळण पण वाचेल असं लोकांना सांगू नये.

आता ते पाठीमागचं खातं. बेट टिकतं ते ओव्हरवॉशमुळे उंच आणि मागे रुंद होतं म्हणून. भिंत बांधली, किंवा अगदी वाळूचीच सलग उंच टेकडी केली, की वादळातली वाळू मागे जात नाही. हो, टेकडीसुद्धा. उत्तर कॅरोलायनाच्या आउटर बँक्सवर, म्हणजे तिथल्या बॅरिअर आयलंडच्या रांगेवर, १९३० च्या दशकात कुंपणं लावून, गवत लावून मैलोन्मैल सलग टेकड्या उभ्या केल्या, हेतू चांगलाच होता, त्याच्या आडोशाने रस्ता आणि गावं आली. पण पुढून धूप चालूच राहिली आणि मागून भर बंद झाली, म्हणजे दोन्हीकडून बेट बारीक. पुढची रेघ जागेवर धरून ठेवलेलं बेट नकाशावर स्थिर दिसतं, पण समुद्र चढतोय आणि बेटाची मधली जमीन चढत नाहीये, म्हणून ते आतून कमजोर होत जातं आणि एक दिवस अरुंद जागी फुटतं. मला हा भाग सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो, कारण कुठल्याच शोरलाइनच्या आलेखात तो दिसत नाही. २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कच्या फायर आयलंडला एक तोंड पडलं, ते संरक्षित रानाच्या भागात होतं म्हणून लगेच बुजवलं नाही, आणि त्यातून आत आलेल्या वाळूने खाडीत उथळ थर तयार झाले, पुढे त्याच्यावरच गवत धरतं. म्हणजे आपण ज्याला नुकसान म्हणतो ते बेटाच्या दृष्टीने बांधकाम असतं.

आउटर बँक्सवरच केप हॅटरसचा दीपस्तंभ, १८७० मध्ये समुद्रापासून १,५०० फुटांवर बांधलेला. १९७० च्या सुमाराला जेमतेम १२० फूट उरले. त्याच काळात शेजारच्या नौदलाच्या तळासाठी ३ ग्रॉइन काढले होते, वाळू टाकून झाली, वाळूच्या पिशव्या झाल्या, भिंतीचा प्रस्ताव झाला. शेवटी १९९९ मध्ये तो सुमारे ४,८०० टनांचा विटांचा मनोरा अख्खाच्या अख्खा उचलून रुळांवरून २,९०० फूट मागे नेला. त्यावर खूप भांडणं झाली, पण मला विचाराल तर बॅरिअर आयलंडवर केलेल्या सगळ्यात शहाण्या कामांपैकी ते एक. उत्तर कॅरोलायनाने समुद्राकडच्या किनाऱ्यावर कायमची कडक बांधकामं १९८५ पासून बंद केली होती, २००३ मध्ये कायदाच केला, मग २०११ मध्ये इनलेटजवळच्या टर्मिनल ग्रॉइनसाठी थोडी मोकळीक दिली. टर्मिनल ग्रॉइन म्हणजे बेटाच्या अगदी शेवटच्या टोकाला काढलेला, त्याच्यापुढे पुळणच नाही, इनलेटच आहे, म्हणून नुकसान कमी असा युक्तिवाद. कागदावर तो बरोबर आहे. पण इनलेटपलीकडे पण बेट असतं, आणि ते या वाळूची वाट बघत असतं.

समुद्रात किनाऱ्याला समांतर ब्रेकवॉटर, म्हणजे लाट अडवणारे बांध, टाकतात त्याबद्दल फार लिहीत नाही, तत्त्व तेच. मागे लाट शांत होते, वाळू साठते, किनारा फुगतो. ब्रेकवॉटरची लांबी किनाऱ्यापासूनच्या अंतरापेक्षा जास्त झाली की वाळू थेट ब्रेकवॉटरला जाऊन चिकटते आणि मग तो ग्रॉइनसारखाच वागायला लागतो.

वाळू आणून टाकणं, म्हणजे नरिशमेंट, हे स्ट्रक्चर नाही पण प्रोजेक्टमध्ये येईलच. दोन गोष्टी लक्षात ठेवा. भरावाचं आयुष्य त्याच्या लांबीच्या वर्गाने वाढतं, लांबी दुप्पट केली तर टिकतो चौपट, म्हणून कोणी आपल्या हॉटेलपुढच्या ३०० मीटरवर वाळू टाकली तर ती एका हिवाळ्यात शेजाऱ्यांकडे वाटली जाते. आणि कण, मूळ पुळणीपेक्षा बारीक वाळू आणली तर ती चपटा उतार करते, सगळी पाण्याखाली जाऊन बसते, वर कोरडी पुळण काहीच दिसत नाही, आणि लोक म्हणतात पैसे समुद्रात गेले.

आता प्रोजेक्टचं. एक माझा अनुभव सांगतो, फार वर्षांपूर्वीचा, जागा सांगत नाही. एका छोट्या वस्तीपुढे ग्रॉइन झाले होते आणि आम्ही सप्टेंबरच्या सुरुवातीला सर्व्हे केला, शांत उन्हाळ्यानंतर पुळण छान रुंद होती, रिपोर्टमध्ये काम यशस्वी असं लिहिलं गेलं, माझी पण सही होती. फेब्रुवारीत मी परत गेलो तर त्याच खुणेच्या खांबापाशी, जिथे वाळू माझ्या घोट्याला होती, तिथे खांब छातीपर्यंत उघडा पडलेला होता. हिवाळ्यातल्या मोठ्या लाटा वाळू पुळणीसमोर पाण्याखाली असलेल्या दांड्यावर नेतात, उन्हाळ्यातल्या छोट्या ती परत आणतात, हा दरवर्षीचा श्वास आहे, आणि आम्ही श्वास भरलेला असताना छाती मोजली. खालच्या अंगाला राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला तेव्हा विचारलं होतं की तुम्ही माझ्या बाजूला का नाही मोजलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण कामाच्या हद्दीत ती बाजू नव्हतीच.

म्हणून तुम्ही जुने सर्व्हे वापरणार असाल तर एकाच ऋतूतले एकमेकांशी लावा, सप्टेंबर सप्टेंबरशी. सॅटेलाइटवरून पाण्याची रेषा काढणार असाल तर भरतीची वेळ तपासा, सपाट पुळणीवर पाणी अर्धा मीटर चढलं की रेषा वीस-पंचवीस मीटर आत येते आणि ती धूप नसते. प्रोफाइल, म्हणजे किनाऱ्याला काटकोनात घेतलेली उंची-खोलीची रेघ, पाण्याच्या काठाशी थांबवू नका, निदान ६ ते ८ मीटर खोलीपर्यंत न्या, नाहीतर बाहेर गेलेली वाळू हरवलेली वाटेल. स्ट्रक्चर बांधायच्या आधीची निदान वीस-तीस वर्षं घ्या, कारण बांधल्यावर किनारा वर्षाला दोन मीटर मागे जातोय याला अर्थ तेव्हाच आहे जेव्हा बांधायच्या आधी तो किती जात होता हे माहीत असेल. आणि सर्व्हेच्या रेघा स्ट्रक्चरच्या दोन्ही अंगांना, खालच्या अंगाला तर कितीतरी किलोमीटर, आणि प्रत्येक रेघ बेट ओलांडून मागच्या खाजणातल्या गवतापर्यंत न्या. तिथे चिखलात पाय रुततात, डास असतात, निम्मा दिवस जातो, तरी न्या.